मझल ब्रेक लावू की नको? खांद्याच्या आधी कानाचं बघूया

पत्र थोडक्यात असं आहे. डॅलसजवळ राहणारे एक वाचक आहेत, वय ४४, ग्रीन कार्डवर. शाळेत एनसीसीच्या कॅम्पमध्ये पॉइंट टू-टू रायफल चालवली होती, तो नाद इतक्या वर्षांनी परत लागला. मागच्या वर्षी ६.५ क्रीडमोर या काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन टार्गेट रायफल घेतली. बॅरल २४ इंची, वजन दुर्बिणीसकट साडेचार किलोच्या आसपास, आणि बॅरलच्या तोंडावर थ्रेड (आटे) कंपनीतूनच पाडलेले. महिन्यातून एकदा क्लबच्या ६०० यार्डाच्या एफ-क्लास मॅचला (मॅटवर झोपून, रायफल आधारावर ठेवून मारायची) जातात आणि मित्राच्या नादाने कधीतरी पीआरएस पद्धतीच्या (अडथळ्यांवरून, ठरलेल्या वेळेत मारायच्या) मॅचलाही. अडचण अशी की पहिले पंधरा-वीस राउंड छान जातात, मग ग्रुप (लक्ष्यावरचा गोळ्यांचा झुबका) पसरायला लागतो, खांदा दुखतो, आणि बायकोने काढलेल्या व्हिडिओत दिसलं की ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतायत. महाराष्ट्र मंडळातला मित्र म्हणतो मझल ब्रेक लाव, म्हणजे धक्का कमी करणारं, बॅरलच्या तोंडावर बसवायचं भोकांचं नळकांडं, लगेच फरक पडेल. शेजारच्या लेनवरचे एक वयस्कर शूटर म्हणाले की एवढ्याशा कॅलिबरला ब्रेक कशाला, पुरुषासारखी मार की. दर रविवारी १४ वर्षांची मुलगी मागच्या बाकावर बसून बघत असते, तिलाही शिकायचंय. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: "ब्रेक लावू की नको, आणि नाही लावला तर काय करू?"

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं हा सामानाचा प्रश्न आहे, लाव किंवा नको लावू, संपलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या शेजारच्या काकांचं वाक्य टोचलं, आणि मला वाटतं तुम्हालाही तेच जास्त टोचलंय, म्हणून आधी तेवढं बाजूला काढते. धक्क्याला दचकणं हा कमीपणा नाही. चेहऱ्याच्या अगदी जवळ स्फोट होणार हे शरीराला माहीत असतं आणि ते स्वतःला वाचवायला बघतं, डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, मनगट आवळतं. मी कोल्हापूरला शिकले तेव्हा माझ्या बॅचमधली सगळ्यात धीट मुलगीसुद्धा मोठ्या रायफलवर पहिल्यांदा बसली तेव्हा दचकलीच होती. यात पुरुषासारखं-बाईसारखं काही नसतं. दचकणं शरीराने शिकलेलं असतं, ते विसरायलाही शिकवता येतं. तेव्हा ब्रेक लावायचा तर लाज न वाटता लावा, आणि नाही लावायचा तर कोणाला काही दाखवून द्यायला म्हणून नको, बस.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही गृहीत धरलंय की ग्रुप पसरतो तो धक्क्यामुळे, आणि ब्रेकने धक्का कमी झाला की ग्रुप आपोआप आत येईल. यातलं अर्ध खरं आहे.

बघा, गोळी सुटते तेव्हा रायफल मागे येते त्याला दोन कारणं असतात. एक म्हणजे गोळी पुढे गेली म्हणून, आणि दुसरं म्हणजे गोळीच्या मागून जळलेल्या पावडरचा गॅस प्रचंड वेगाने बाहेर पडला म्हणून. तुमच्या ६.५ मध्ये गोळी १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळी-पावडरच्या वजनाचं माप) धरली आणि पावडर ४१ ग्रेनच्या आसपास, तर एकूण धक्क्यातला साधारण एक तृतीयांश वाटा या गॅसचा असतो. ब्रेक फक्त या गॅसवर काम करतो, गोळीच्या वाट्याला तो हातच लावू शकत नाही. समोर जाणारा गॅस ब्रेकच्या भोकांतून बाजूला आणि थोडा मागे वळतो, तो वळताना ब्रेकच्या भिंतींना पुढे ढकलतो, म्हणून रायफल कमी मागे येते. .३०० विन मॅगसारख्या कॅलिबरमध्ये पावडर ७० ग्रेनच्या वर जाते, तिथे गॅसचा वाटा मोठा म्हणून ब्रेकचा फायदाही मोठा. ६.५ ला फरक पडतो, नाही असं नाही, चांगल्या ब्रेकने तो स्पष्ट जाणवतो, पण मुळात जो धक्का कमी करायचाय तोच मध्यम आहे.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ब्रेकचं काम सुरू होतं ते गोळी बॅरलच्या तोंडापर्यंत पोचल्यावर. पावडर पेटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम एक-दीड हजारांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात तुमची रायफल मागे सरकते ती एक-सव्वा मिलीमीटर. खांद्याला जो दणका जाणवतो तो जवळजवळ सगळा नंतरचा, तेव्हा गोळी कधीच वाटेला लागलेली असते. म्हणजे ती गोळी कुठे जाणार हे ब्रेकचं काम सुरू व्हायच्या आतच ठरलेलं असतं. ग्रुप लहान होतो तो तुम्ही कमी दचकलात तर, पुढच्या गोळीच्या आधी कमी आवळलात तर. मित्राचा अनुभव खोटा नाहीये, फक्त त्याचं श्रेय ब्रेकइतकंच त्याच्या सुटलेल्या भीतीला आहे.

मग तुम्ही दचकता ते कशाला? दणक्याला की आवाजाला? हे तुम्हाला अजून माहीत नाही, पत्रात तसं कुठे दिसत नाही, आणि ते कळल्याशिवाय पैसे खर्च करू नका असं मी मनापासून सांगते. कारण समजा तुम्ही आवाजाला दचकत असाल, तर ब्रेक लावून तुम्ही दुखणं वाढवाल.

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या डाव्या कानात गेली सात वर्षं एक बारीक शिट्टी वाजते. दिवसा कळत नाही, रात्री घर शांत झालं की सुरू. एका रेंजवर, छप्पर असलेल्या फायरिंग लाईनवर, मी प्रोनमध्ये (पालथी झोपून) होते, डावीकडच्या लेनवर एक जण मोठ्या ब्रेकची रायफल घेऊन आला. माझी मैत्रीण काहीतरी विचारत होती म्हणून मी मफ (कानांवरचं कवच) एका बाजूने उचलला, कानाच्या आत घालायचे प्लग घातलेले नव्हते, आणि तेवढ्यात त्याची गोळी सुटली. एकच गोळी. त्या माणसाचा काही दोष नव्हता, त्याने नियम मोडला नव्हता, चूक माझी होती, पण कान कुणाचा गेला ते बघा. कानाच्या आतल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, माणसाच्या शरीरात ती सोयच नाही.

ब्रेक नसलेल्या सेंटरफायर (तुमच्यासारख्या मोठ्या काडतुसाच्या) रायफलचा आवाज शूटरच्या कानाशी १६० डेसिबलच्या आसपास असतो. अशा क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही मोठ्या माणसांची मर्यादा धरली जाते, म्हणजे ब्रेक नसतानाही आपण त्याच्या कितीतरी वर असतो. डेसिबलचं गणित साधं नसतं, दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दसपट होते. ब्रेक तो आवाज पुढे जाऊ न देता बाजूला आणि मागे फेकतो, त्यामुळे तुमच्या कानाशी आणखी पाच-दहा डेसिबलची भर पडू शकते, आणि शेजाऱ्याची परिस्थिती तुमच्याहून वाईट, कारण भोकं त्याच्याच दिशेला उघडतात. वर पत्र्याचं छप्पर असेल तर तो आवाज परत आपटून खाली येतो. नुसता आवाज नाही, हवेचा तडाखा छातीत बसतो, कागद उडतात, जमिनीवर झोपून मारत असाल तर धूळ उठून दुर्बिणीसमोर पडदा होतो.

आणि तुमची लेक मागच्या बाकावर बसते. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १४० ची नाही, १२० डेसिबलची आहे. म्हणून ब्रेक लावा किंवा लावू नका, येत्या रविवारपासून तिला आत फोमचे प्लग आणि वरून मफ असं दुहेरी घालायला द्या, तुम्हीही तसंच घाला. दोन्ही घातले म्हणजे दोघांच्या आकड्यांची बेरीज होते असं नका समजू, चांगल्या एकट्या प्लगपेक्षा पाचेक डेसिबल जास्त मिळतात इतकंच, पण आपल्याला एकेक डेसिबल हवाय. प्लग नीट पिळून, कान वरून मागे ओढून आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं, नाहीतर तो नुसता दारात लटकलेला असतो आणि पाकिटावर लिहिलेल्या आकड्याचा निम्माही उपयोग होत नाही. आणि तिचा बाक मागे घ्या, जितका रेंज ऑफिसर परवानगी देईल तितका.

आता खांदा की कान हे शोधायचं कसं ते सांगते, दोन रविवार लागतील.

पहिल्या रविवारी नेहमीसारखे वीस राउंड मारा पण दुहेरी संरक्षण घालून. बाकी काहीच बदलू नका. एवढ्यानेच डोळे मिटणं कमी झालं तर तुमचा शत्रू आवाज आहे, खांदा नाही. माझ्या ओळखीत कितीतरी जणांचं असं निघालंय, "रिकॉइल सहन होत नाही" म्हणणारी माणसं प्लग नीट घातल्यावर शांत झाली.

दुसऱ्या रविवारी मित्राला बोलवा आणि डमी राउंडचा (पावडर नसलेल्या नकली गोळ्यांचा) सराव करा. मॅगझिन तो भरेल, तुम्ही बघायचं नाही, दहामध्ये तीन-चार डमी मिसळायच्या, कुठे ते त्यालाच माहीत. तुम्ही प्रत्येक वेळी खरी गोळी समजूनच ट्रिगर दाबणार. डमीवर चाप सुटला आणि टिक् झालं की क्रॉसहेअर कुठे गेलं ते बघायचं. स्थिर राहिलं तर उत्तम. खाली-डावीकडे झुकलं, रायफल पुढे ढकलली गेली, तर दचकणं किती आहे ते डोळ्यांना दिसतं. त्या डमींपैकी कितींवर हललं हे वहीत लिहा, तारखेसकट. हा सराव नुसती तपासणी नाही तर औषधसुद्धा आहे, आठ-दहा वेळा केला की शरीराला कळतं की दर वेळी दणका येतोच असं नाही, आणि ते आधीच आवळायचं सोडून देतं. घरी रिकाम्या रायफलने रोज दहा मिनिटं ड्राय फायर (गोळीविना ट्रिगर दाबायचा सराव), चेंबर दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, त्याचाही फार उपयोग होतो आणि त्याला पैसे लागत नाहीत.

याच दुसऱ्या रविवारी मित्राच्या ब्रेकवाल्या रायफलने दहा राउंड मारून बघा. आणि मग तेवढेच महत्त्वाचे दहा राउंड त्याच्या शेजारच्या लेनवर पूर्ण संरक्षण घालून बसून काढा, तो मारत असताना. विकत घेण्याआधी दोन्ही बाजूंनी अनुभव घ्या.

खांदाच दुखतोय असं निघालं तर ब्रेकच्या आधी करायच्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे बसण्याची पद्धत. एनसीसीत आपल्याला प्रोनमध्ये रायफलला तिरकं झोपायला शिकवतात, तुम्हीही तसंच झोपत असाल असा माझा अंदाज आहे, कारण ती सवय अंगात मुरते. पॉइंट टू-टूला ते चालतं, तिला धक्का असा नसतोच. पण बायपॉडवरच्या (पुढच्या दोन पायांवरच्या) ६.५ च्या मागे तिरकं झोपलात तर सगळा दणका खांद्याच्या हाडावर एका कोपऱ्यात बसतो आणि रायफल दर वेळी एका बाजूला उडी मारते. रायफलच्या मागे सरळ रेषेत झोपा, कंबर बॅरलच्या रेषेत, बट (दस्त्याचं मागचं टोक) कॉलरबोनच्या खाली छातीच्या बाजूच्या मऊ खळग्यात, आणि बायपॉडवर हलका भार पुढे. दणका मग अख्ख्या शरीरात पसरतो. दुसरी गोष्ट, दस्त्याची लांबी. कोपर नव्वद अंशात वाकवून बट कोपराच्या आत टेकवा, ट्रिगरच्या बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात यायला हवं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना अमेरिकन मापाचा दस्ता लांब पडतो, मग मान ताणून गाल टेकवायला लागतो आणि खांदा मागे खेचलेला राहतो. स्पेसर काढून बघा. चांगलं जाड रबरी रिकॉइल पॅड नसेल तर ते बसवा, त्याने धक्क्याची ऊर्जा कमी होत नाही, पण तो जरा जास्त वेळात पसरून येतो आणि खांद्याला तेवढाच फरक कळतो.

तिसरी गोष्ट वजन. साडेचार किलोच्या रायफलला प्रत्येक गोळीला साधारण १४ ज्यूल ऊर्जा मागे मिळते. तीच साडेसहा किलोची केली तर १० ज्यूलच्या खाली येते, म्हणजे तीस टक्के कमी, आणि आवाज एक डेसिबलही वाढत नाही. एफ-क्लास ओपनला तुम्हाला १० किलोपर्यंत मुभा आहे, तुम्ही निम्म्यावरसुद्धा नाही आहात. दस्त्याच्या आत बसणारी वजनं मिळतात, पुढे बायपॉडच्या रेलवरही मिळतात, एकदम न वाढवता अर्धा-अर्धा किलो लावून बघा. डोंगरात शिकारीला रायफल वाहायची असती तर हा सल्ला मी दिला नसता, पण तुमची तर गाडीतून मॅटपर्यंतच जाते.

आणि एक साधी गोष्ट, एका बैठकीत किती राउंड मारता ते बघा. पंधरा-वीस छान जातात असं तुम्हीच लिहिलंय, मग पंधराला थांबा, अर्धा तास पॉइंट टू-टू चालवा, मग परत मोठीवर या. थकलेल्या खांद्याने मारलेले चाळीस राउंड म्हणजे दचकण्याचा चाळीस वेळा केलेला सराव असतो.

आता नियमांबद्दल, कारण इथे तुमची खरी गाठ आहे आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही. एफ-क्लासमध्ये मझल ब्रेक चालत नाही. फुलबोअर टार्गेट रायफल या दुसऱ्या लांब पल्ल्याच्या प्रकारातही नाही. पीआरएसमध्ये मात्र बहुतेक सगळे लावतात, आणि त्याचं कारण खांदा नाहीच, तिथे उभ्या-आडव्या अडथळ्यांवरून वेळेत मारायचं असतं आणि आपली गोळी कुठे लागली ते आपल्यालाच दुर्बिणीतून बघायचं असतं. रायफल कमी उसळली तर लक्ष्य नजरेतून जात नाही, गोळी चुकली तर किती चुकली ते दिसतं आणि पुढची दुरुस्त करता येते. माझ्या मते ब्रेकचा टार्गेट रायफलवर खराखुरा फायदा हाच, बाकीचे सगळे त्यानंतर. एफ-क्लासला तुम्ही मॅटवर निवांत झोपलेले असता, गोळी कुठे लागली ते लक्ष्याखालच्या खड्ड्यातल्या माणसांकडून कळतं, तिथे तो फायदाच उरत नाही. त्यामुळे तुमच्यासाठी "लावू की नको" यापेक्षा "यंदा मला कुठली मॅच मनापासून खेळायचीय" हा प्रश्न आधी येतो. महिन्याला एफ-क्लास आणि कधीतरी पीआरएस असंच राहणार असेल तर मी ब्रेकवर पैसे घालणार नाही. उलट झालं, पीआरएस आवडायला लागलं, तर जरूर लावा.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थांबते, कारण मला बालेवाडीतून, कोल्हापुरातून पालकांचे असेच प्रश्न येतात, मुलाच्या रायफलला पुढे "ते नळकांडं" लावू का म्हणून. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं तेव्हापासून ते प्रश्न वाढलेत, आणि फोटोत त्या रायफलींच्या तोंडावर लांब नळी दिसते ती ब्रेक असावी असं लोकांना वाटतं. ती ब्रेक नाही. ती एक्स्टेन्शन ट्यूब असते, आतून मोकळी, पुढची साइट डोळ्यापासून लांब जावी म्हणून. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात रायफलवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर दोन्हींना बंदी आहे, बॅरलला किंवा ट्यूबला भोकं पाडायलाही बंदी. एअर रायफलला तर पूर्ण सिस्टिमची लांबी ८५० मिलीमीटरच्या वर जाता कामा नये, म्हणजे पुढे काही जोडायच्या आधी टेप घेऊन बसावं लागेल. आणि गरजही नाही हो, पॉइंट टू-टूचा धक्का तुमच्या ६.५ च्या शंभराव्या भागाइतकासुद्धा नसतो, तिची चिमूटभर पावडर बॅरलच्या मध्यावरच जळून संपलेली असते, ब्रेकला वळवायला दाबाचा गॅस फारसा उरत नाही. तेच पैसे कोचिंगला, चांगल्या जॅकेटला आणि पेलेट्सना घाला.

दादा, परत तुमच्याकडे येते. तुम्ही टेक्सासमध्ये आहात म्हणून तिसरा रस्ता पण आहे, सप्रेसर, म्हणजे तोंडावर बसवायचा आवाज दाबणारा डबा. तो गॅस बाजूला न फेकता आत कोंडून हळूहळू सोडतो, त्यामुळे धक्काही कमी होतो आणि आवाज वाढण्याऐवजी वीस-तीस डेसिबलने उतरतो. तुमचे थ्रेड आहेतच. आधी १९३४ च्या कायद्याप्रमाणे त्यावर २०० डॉलरचा टॅक्स होता, १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झालाय, पण बोटांचे ठसे, फोटो, एटीएफची (अमेरिकेच्या बंदुकांच्या सरकारी खात्याची) मंजुरी हे सगळं अजून आहेच, मंजुरी आल्याशिवाय दुकानातून उचलायचा नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क इथे तो बाळगणंच बेकायदा आहे, त्यामुळे तिकडच्या भावाकडे गाडीने जाताना तो घरी राहिलेला बरा. तोटे म्हणजे किंमत ब्रेकच्या कितीतरी पट, पुढे अर्धा-पाव किलो वजन, आणि दहा-पंधरा राउंडनंतर तापून त्यातून वाफेसारखी लहर उठते ती दुर्बिणीत दिसते, वरून कापडी कव्हर घालावं लागतं. सप्रेसर लावूनही प्लग काढू नका, सवय मोडू नका. मुलीला बरोबर न्यायचंच असेल तर मला ब्रेकपेक्षा याकडे वळलेलं जास्त आवडेल, हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

अमेरिकेतल्या बाकी वाचकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. हे दादा ग्रीन कार्डवर आहेत म्हणून त्यांचा प्रश्न सोपा आहे. एच-वन-बी किंवा तत्सम नॉनइमिग्रंट व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे, चालू शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. "मित्राची रायफल फक्त दोन राउंड मारून बघतो" असं सुद्धा वकिलाला न विचारता करू नका, व्हिसा आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

बरं, समजा सगळं करून झालं आणि पीआरएससाठी ब्रेक लावायचं ठरलं, तर बसवताना घाई नको. थ्रेड आहेत म्हणून हाताने फिरवून घट्ट केला की झालं असं नसतं. तुमच्या बॅरलचे थ्रेड बहुतेक ५/८-२४ असतील पण मॅन्युअलमध्ये खात्री करा. ब्रेकचं भोक तुमच्या ६.७ मिलीमीटरच्या गोळीपेक्षा अर्ध्या मिलीमीटरने तरी मोठं असतं, एवढीशीच फट, आणि थ्रेड वाकडे असतील तर गोळी ब्रेकला घासते किंवा थेट आपटते. म्हणून बसवल्यावर रायफल रिकामी करून अलाइनमेंट रॉड बॅरलमधून घालून बघायचा, तो भोकाच्या बरोबर मध्यातून जायला हवा, जरासुद्धा एका बाजूला दिसला तर गोळी मारू नका, गनस्मिथकडे न्या. भोकं डावी-उजवीकडे सारखी, आडवी आली पाहिजेत, त्यासाठी शिम (पातळ चकती) किंवा लॉकनटवाला ब्रेक घ्या, चुरगळणारा क्रश वॉशर टार्गेट बॅरलला नको, तो सगळीकडून सारखा दाबला जात नाही. मग झिरो (दुर्बीण आणि गोळी यांची नेम-जुळणी) नव्याने करा. बॅरलच्या टोकाला शंभर-दीडशे ग्रॅम वजन लटकवलं की बॅरलची थरथर बदलते आणि गोळ्या दुसरीकडे पडतात, कधी दोन क्लिक, कधी चांगले आठ-दहा. एफ-क्लासला ब्रेक काढून जाणार असाल तर दोन्ही झिरो वहीत वेगळे लिहून ठेवा आणि ब्रेक काढल्यावर थ्रेड प्रोटेक्टर विसरू नका. आत काजळी साठते ती मधून मधून साफ करावी लागते.

आणि ब्रेक लावून रेंजवर गेलात की आधी रेंज ऑफिसरला सांगा, टोकाची लेन मागा, शेजारी कोणी असेल तर त्याच्या कानात प्लग आहेत ना हे बघून, त्याला हाताने खूण करून मगच पहिली गोळी. प्रोनमध्ये बॅरलच्या तोंडाखाली एखादी जुनी मॅट टाका म्हणजे धूळ उडणार नाही. ते शेजारचे काका, ज्यांनी तुम्हाला ते वाक्य ऐकवलं, कोण जाणे, त्यांच्या बोलण्यामागे दुसऱ्या कुणाच्या ब्रेकचा त्रासही असेल. त्यांना एकदा चहा-कॉफीला बोलवून विचारा की तुम्ही दचकणं कसं घालवलंत. इतकी वर्षं मारणाऱ्या माणसाकडे त्याचं उत्तर नक्की असतं.

मुलीचं म्हणाल तर तिला ६.५ वर बसवूच नका इतक्यात, ब्रेक असो नसो. पॉइंट टू-टू घ्या, हळू वेगाच्या गोळ्या घ्या, दुहेरी संरक्षण घाला, आणि एका वेळी दहा राउंडच्या वर नको. तुम्हाला जी सवय आज मोडायला लागतेय ती तिला लागणारच नाही. हवं तर तुमच्या डमी राउंडच्या सरावात मॅगझिन भरायला तिलाच बसवा, आधी नीट शिकवून, शेजारी उभं राहून. कुठल्या राउंडला बाबा दचकले हे तिला तुमच्याआधी दिसेल.

दोन रविवार झाले की मला दोनच आकडे कळवा: दुहेरी संरक्षणाने डोळे मिटणं किती कमी झालं, आणि मारलेल्या डमींपैकी कितींवर क्रॉसहेअर हललं. तोवर ब्रेकची ऑर्डर कार्टमध्येच राहू द्या.